मनमित्राची उडी

चहा आला का सगळ्यांचा? मग दोन घोट घ्या आणि कप खाली ठेवूनच ऐका. मागच्या वेळी हा किस्सा सांगताना एका पाहुण्याच्या नाकातून चहा बाहेर आला होता. फजिती माझी आहे हो, तुमचे कपडे कशाला खराब व्हायचे?

तर मी लांजेवार. भंडाऱ्याला एका सरकारी ऑफिसात मोठा बाबू. ऑफिस कोणतं ते विचारू नका. तुमच्या डोळ्यांपुढे जे आलं ना, तेच समजा. सगळी सारखीच असतात. तिथं माझ्या समोरच्या टेबलावर गभणे बसतो. माझा जिवाचा दोस्त. माझे वडील आजारी पडले तेव्हा भर पुरात यानंच कुठून तरी ट्रॅक्टर पैदा केला आणि त्यांना दवाखान्यात पोचवलं. असा माणूस. पण बोलका किती! तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा कोंबलेला असला तरी बोलतो. आपल्याला शब्द कळत नाहीत, पण सूर लागलेला असतो. आम्ही त्याच्या आवाजावरच झोपतो, म्हणजे, काम करतो.

एक दिवस परिपत्रक आलं. 'मनाचे व्यवस्थापन : कर्मचारी कल्याणासाठी एकदिवसीय प्रशिक्षण.' आणि खाली ठळक अक्षरांत, 'उपस्थिती अनिवार्य. गैरहजर राहणाऱ्यांवर कारवाई करण्यात येईल.'

म्हणजे बघा! मन शांत झालंच पाहिजे, नाहीतर नोटीस.

प्रशिक्षणाला पुण्याहून एक मॅडम आल्या. आवाज इतका मऊ की पंख्याच्या खडखडाटात निम्मा वाहून जायचा. त्यांनी आल्या आल्या सगळ्यांना डोळे मिटायला लावले.

"आता आपल्याला काहीही करायचं नाहीये," मॅडम म्हणाल्या. "फक्त श्वासाकडे बघायचंय."

गभण्यानं हात वर केला. "मॅडम, डोळे मिटल्यावर पाहाचं कसं जी?"

सगळा हॉल हसला. मॅडमही हसल्या. पण मला सांगा, प्रश्नात चूक काय होती?

सकाळचं सत्र मात्र मी कान देऊन ऐकलं. खोटं नाही बोलत. विषय होता, आपल्या शेजारचा माणूस ताणात आहे हे ओळखायचं कसं. मॅडम सांगत होत्या, बोलका माणूस अचानक गप्प होतो. आवडती गोष्ट नकोशी होते. फोनपासून दूर पळतो, एकटा जाऊन बसतो. कधी कधी तर जवळच्या वस्तू दुसऱ्याला देऊन टाकतो. "अशा माणसाला एकटं सोडू नका," मॅडम म्हणाल्या. "आणि त्याला विचारलंत ना, तर तो काय म्हणेल? 'मी एकदम बरा आहे.' हे वाक्य ऐकलं की समजून जा."

अंगावर काटा आला माझ्या. तुम्हाला नसता आला?

मग मॅडमनं सांगितलं की प्रत्येक ऑफिसात एक मनमित्र असावा. सहकाऱ्यांच्या मनाकडे लक्ष ठेवणारा. साहेब पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही.

"लांजेवारले करा," साहेब म्हणाले. "तसंही याले सगळ्यायच्या घरचं माहीत रायते."

पुन्हा हॉल हसला. हसू द्या! मॅडमनं माझ्या खिशाला पिवळा बिल्ला लावला. त्यावर लिहिलेलं, 'मनमित्र'. इतक्या वर्षांच्या नोकरीत सरकारनं मला छातीवर लावायला पहिल्यांदा काही दिलं होतं. मी तो बिल्ला घरी सुद्धा काढला नाही. बायको म्हणाली, "हे काय लावून आले? निवडणुकीत उभे रायले का?"

पण थांबा, जेवणाचं राहिलं. जेवायला पुऱ्या, पनीरची भाजी आणि जिलेबी होती. साहेब जेवून निघून गेले, कारण साहेबांचं मन आधीच शांत असतं. आम्ही हॉलमध्ये परतलो. मॅडमनं पुन्हा डोळे मिटायला सांगितले. मी मिटले. अगदी मनापासून मिटले. उघडले तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते आणि शिपाई खुर्च्या आवरत होता. मीही दोन टाळ्या वाजवल्या. मध्ये काय झालं, देव जाणे. दुपारचं सत्र असं कितीसं महत्त्वाचं असणार?

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो. बिल्ला पुसून चकचकीत केलेला. गभणे आला, खुर्चीत बसला, आणि... काहीच नाही. एक शब्द नाही!

मला वाटलं, तोंडात खर्रा असेल. पाहिलं तर तोंड रिकामं.

"काय बे गभण्या, काहून नाही बोलून राहिला?"

तो हसला. नुसता हसला. असं हसू मी त्याच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. फोटोतल्या माणसाचं असतं ना, तसं.

थोड्या वेळानं शिपाई चहा घेऊन आला. गभण्यानं खिशातून खर्ऱ्याची पुडी काढली आणि त्याच्या हातात ठेवली. "घेऊन टाक. मले नाही लागत आता."

शिपाई पुडीकडे पाहतच राहिला. अहो, गभण्याच्या पुडीतला एक चिमूट मागितली तर तो माणसाशी आठवडाभर बोलत नाही!

मग दुपारी तर कहर झाला. आमच्या ऑफिसात एकच कूलर आहे आणि त्याच्यापुढे एकच खुर्ची. त्या खुर्चीवरून गभण्याचं आणि माझं दर उन्हाळ्यात भांडण होतं. एप्रिल संपत आलेला, बाहेर ऊन असं की कावळा सावली शोधत होता, आणि हा उठून मला म्हणतो, "लांजेवार, तू बस इथं."

"आणि तू?"

"मले कायले पाहिजे आता? सोडून देऊन राहिलो एकेक."

"काय सोडून देऊन राहिला?"

पुन्हा तेच हसू!

मी त्याचा हात धरला. म्हटलं, "गभण्या, काही आहे का मनात? मी तुया मनमित्र होय. सांग मले."

तो म्हणाला, "मी एकदम बरा आहो."

झालं! मॅडमचं वाक्य जसंच्या तसं. त्या कूलरच्या खुर्चीत बसूनही मला घाम सुटला. आपल्या वडलांसाठी पुरातून ट्रॅक्टर आणणारा माणूस, आणि आपल्याला त्याच्या मनातलं कळलं नाही? कसला मी मनमित्र!

संध्याकाळी ठरवलं, याला एकटा सोडायचा नाही. पण नेमकं साहेबांनी आत बोलावलं, कुठल्याशा जुन्या फायलीसाठी. बाहेर येऊन बघतो तर गभणे गायब. आणि त्याच्या ड्रॉवरमधून फोन वाजतोय. फोन ठेवून गेला होता!

मी ड्रॉवर ओढला. गभणे वहिनींचा फोन.

"भाऊजी, हे निघाले का? येताना सांबार आणाले सांगा."

साधा सांबार हो. तुमची कोथिंबीर. आणि मी काय बोलावं?

"वहिनी, घाबरू नका."

"मी कायले घाबरू?"

"आधी बसून घ्या."

"मी बसलीच आहो, भाजी निवडून राहिली. काय झालं?"

"अजून काही झालं नाही."

"अजून म्हणजे?" वहिनींचा आवाज चढला. "भाऊजी, हे कुठी आहेत?"

"तुम्हाले काही सांगून गेले का सकाळी?"

"म्हणत होते, संध्याकाळी कारध्याले नदीवर जाईन. उशीर झाला तर वाट नको पाहू म्हणे."

माझ्या तोंडून एकच शब्द निघाला. "अरे देवा!"

त्यानंतर फोनमधून जे ऐकू आलं ते मी तुम्हाला काढून दाखवू शकत नाही. मागं त्यांच्या भावाचा आवाज होता, भांडं पडल्याचा आवाज होता, शेजारच्या बाईचाही होता. मी फोन ठेवला, साहेबांच्या केबिनचं दार ढकललं आणि ओरडलो, "साहेब, गभणे नदीवर गेला!"

"मग?" साहेब म्हणाले.

"फोन ठेवून गेला! खर्रा वाटून गेला!"

खर्रा म्हटल्याबरोबर साहेब उभे राहिले. त्यांनाही परिस्थितीचं गांभीर्य कळलं.

मी स्कूटर काढली. साहेब मागून जीपनं येतो म्हणाले. वैनगंगेच्या पुलावरून जाताना मी एका हातानं हँडल धरलं होतं आणि मान काढून खाली पाण्याकडे पाहत होतो. मागचे ट्रकवाले मला काय काय म्हणाले, ते ऐकायला मी थांबलो नाही. माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. उद्या ऑफिसात ती खुर्ची रिकामी, आणि कूलर चालू.

कारध्याला उतरलो, घाटाकडे धावलो. आणि दिसला!

अगदी शेवटच्या पायरीवर. पाय पाण्यात सोडलेले. डोळे मिटलेले, तोंड वर, हात मांडीवर. आजूबाजूला चिटपाखरू नाही. थोड्या अंतरावर एक म्हातारे ढिवरबाबा आपल्या डोंग्यात बसून जाळं आवरत होते, तेवढेच. मी मनात म्हटलं, लांजेवार, आता डोकं थंड ठेव. हाक मारली तर दचकून उडी घेईल. हळूच जा, मागून धर.

मी चपला काढल्या. एकेक पायरी उतरू लागलो. श्वास सुद्धा रोखून धरला. श्वासाकडे बघायची तर सोयच नव्हती. आता गभणे माझ्यापासून हातभर अंतरावर. मी दोन्ही हात पुढे केले...

आणि पायाखाली शेवाळ!

तुम्हाला सांगतो, माणूस घसरतो तेव्हा तोंडातून काय निघेल याचा भरवसा नसतो. मी ओरडलो, "गभण्या, उडी नको मारू!" आणि हे वाक्य पूर्ण व्हायच्या आत मी त्याच्या खांद्यावरून सरळ वैनगंगेत.

पाणी नाकात, पाणी कानात. पोहणं मला येत नाही. हात मारतोय, पाय झाडतोय, "वाचवा, वाचवा" ओरडतोय. मोठ्या पुलावर गाड्या थांबल्या. माणसं कठड्याशी आली. जलपर्णीचा एक अख्खा गुच्छ माझ्या डोक्यावर येऊन बसला.

ढिवरबाबांनी डोंगा जवळ आणला. वल्ह्याचं टोक माझ्याकडे केलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "उभा राय नं जी. पानी कमरेएवढंच हाये."

मी उभा राहिलो.

खरंच कमरेएवढंच होतं.

गभण्यानं तोवर डोळे उघडले होते. तो मला पाहत होता. मी त्याला पाहत होतो.

"लांजेवार," तो म्हणाला, "तू काहून आंघोळ करून राहिला इथं?"

"हरामखोरा! तू जीव देऊन राहिला होता ना?"

"मी? अबे, मी होमवर्क करून राहिलो होतो!"

"कायचा होमवर्क?"

"मॅडमनं नाही का सांगतलं, जेवणानंतर? एक दिवस गप्प राहून पाहा, आवडीचं एखादं सोडून पाहा, आपल्या हातानं कोणाले तरी काही द्या. आन संध्याकाळी फोन न घेता पाण्याजवळ डोळे मिटून बसा. तू होता ना तिथं? तू तर टाळ्याही वाजवल्या!"

अख्ख्या ऑफिसात प्रशिक्षणाचा होमवर्क करणारा एकच माणूस निघाला, आणि मी त्याला वाचवायला निघालो.

पण खरी मजा पुढेच आहे. वर घाटावर तोवर गर्दी जमली होती. पुलावरच्यांनी काय पाहिलं होतं? एक माणूस निवांत बसलाय, आणि दुसरा पळत येऊन चपला काढून नदीत उडी मारतोय. चपला काढून! आता सांगा, बघणाऱ्यानं काय समजायचं?

"काहून असं केलं बापा?" एक बाई मला वर ओढत म्हणाली. "घरी लेकरंबाळं नाहीत का?"

"मावशी, तसं नाही. मी याले वाचवाले आलो होतो."

तिनं कोरड्या ठणठणीत गभण्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या डोक्यावरून जलपर्णी काढली आणि आपल्या पदरानं माझं तोंड पुसलं. "होते बापा असं कधी कधी," ती म्हणाली. "रडून घे."

तेवढ्यात गभणे वहिनी भावाच्या गाडीवरून उतरल्या. नवरा धडधाकट पाहून आधी त्या रडल्या, मग त्याला रागावल्या, आणि मग माझ्याकडे वळल्या. मी मान खाली घालून तयार झालो. पण माझा अवतार बघून त्यांचा आवाजच उतरला.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "म्हणून फोनवर तसे बोलून राहिले होते का तुम्ही? 'बसून घ्या, घाबरू नका'... सोताबद्दल सांगत होते काय?"

आणि मग जीप आली. साहेब उतरले. गर्दीतला एक जण पुढे होऊन सांगू लागला, "साहेब, तुमच्या ऑफिसच्या माणसानं उडी मारली. बरं झालं, ढिवरबाबा होते."

साहेबांनी माझ्या ओल्या खिशाकडे पाहिलं. बिल्ला तिथंच होता. 'मनमित्र'. पाणी ठिबकत होतं त्याच्यातून.

मी सर्वांसमोर मोठ्यानं सांगितलं, "साहेब, मी एकदम बरा आहे!"

साहेब, गभणे, वहिनी, सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. गभण्यानं हळूच येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. तोच गभणे! ज्याला सगळं माहीत होतं! नंतर विचारलं तर म्हणतो, "मले बी वाटलं, काहीतरी असनच. धडाचा माणूस अशी उडी कायले मारते?"

मी किती समजावलं म्हणून सांगू? शेवाळ दाखवलं. घसरल्याची खूण दाखवली. जितकं सांगावं तितका समोरच्याचा आवाज मऊ होत जायचा. साहेबांनी मला सुट्टी दिली. मी मागितली नव्हती! ज्या साहेबांनी माझ्या लग्नाच्या दिवशी अर्धी रजा दिली होती, ते म्हणाले, "पाहिजे तेवढी घे रे लांजेवार." कूलरची खुर्ची माझ्या नावावर झाली. आणि तुमसरहून सासूबाई आल्या.

सासूबाईंना सगळे मामी म्हणतात, मीही म्हणतो. बाई प्रेमळ, त्यात वाद नाही. तुमसरला राइस मिलच्या शेजारी आयुष्य गेलेलं, त्यामुळे बोलतात ते मिल चालू आहे असं धरून. बायकोनं रडत रडत फोनवर काय सांगितलं कोण जाणे, मामी दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं दारात हजर. बायकोच्या फोनवरून त्यांनी थेट पुण्याच्या मॅडमशी बोलून घेतलं, आणि माझा ताबा घेतला.

मला एकटं सोडायचं नाही, हा त्यांचा नियम. मी बाजारात गेलो, मामी सोबत. कटिंगला गेलो, मामी न्हाव्याच्या बाकावर. आणि वस्तऱ्यावर डोळा. बाथरूममध्ये गेलो की बाहेरून मिल सुरू.

"जवाईबापू, आहा नं?"

"आहो, मामी."

"आवाज काहून नाही येऊन राहिला?"

"तोंडाले साबण लावला, मामी!"

"मंग गाणं म्हना. म्हंजे मले समजन."

अहो, चाळिशी उलटलेला मी मोठा बाबू, अंगाला साबण लावून मोठमोठ्यानं आरत्या म्हणत होतो! शेजारच्यांना वाटलं, आमच्याकडे गणपती बसवला. एक जण तर प्रसादाला आला.

शेवटी एका दुपारी मामींनी मला समोर बसवलं. डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, "जवाईबापू, मनात जे असन ते बोलून टाका. मी वाईट नाही मानत. मोकळे व्हा."

मी बायकोकडे पाहिलं. तिनंही डोळ्यांनी खुणावलं, बोला. मला वाटलं, देवानंच ही संधी दिली. मी हात जोडले आणि आयुष्यात पहिल्यांदा इतकं खरं बोललो.

"मामी, माझ्या मनात एकच आहे. तुम्ही आता तुमसरले परत जा."

मामींच्या डोळ्यांत पाणी आलं. मला इतकं वाईट वाटलं! म्हटलं, दुखावलं म्हातारीला.

मामींनी पदर डोळ्यांना लावला आणि लेकीकडे वळल्या.

"पाह्यलं बाई? मॅडम फोनवर हेच म्हनत होत्या. जास्त दुखलं का मानूस आपल्याच मानसाले दूर लोटते. आता तं मले जाताच येत नाही."

काल तुमसरहून मामींचा पलंग आला.